वेणूनं सोडलेला समुद्र

शेवटच्या दिवशी सांजेले आम्ही दोघं ओट्यावर बसून तुरीच्या ओल्या शेंगा सोलत होतो — मी आन् माही बायको वेणू. हातातली शेंग तशीच ठेवून ती म्हणे, "काय वो, ते पाणी अजून तसंच येऊन राह्यलं असन?"

कोणतं पाणी, हे मले विचारा लागलं नाई. मी म्हंतलं, "शेंगा सोल."

खरं तोंडात आलतं — आन् गिळलं. आजवर ते कोणापुढं काढलं नाई. पोरीपुढं नाई, देवापुढं बी नाई. तुमच्यापुढं काढतो. काऊन तुमच्यापुढंच? तुम्ही तिले ओळखत नव्हते, म्हणून असन.

मी चौथी शिकलेला, आंजीचा कास्तकार. सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवची गोष्ट. पोरगी सासरी गेली आन् वेणूनं धोशा लावला — समुद्र पाहाचा. वर्ध्याच्या बाजारात तिनं सेवाग्रामले आलेले गोरे लोक पाह्यलते, पाठीवर बोजा बांधून हिंडणारे. तिनं युरियाच्या रिकाम्या थैलीले दोन पट्टे शिवले. "घाला पाठीवर."

"लोक हासतीन, वं."

"हासू द्या. तुमाले पाहून तसेही हासतेत."

मद्रासच्या गाडीचा जनरल डबा, संडासाजवळची जागा, सोबत दशम्या आन् ठेचा. तिथून बसनं महाबलीपुरम. एका म्हाताऱ्या कोळणीच्या घरी चटईवर झोपाची सोय झाली. गाव कसं — कोणाले घाईच नाई. कोळी जाळे शिवत बसलेले, गोरे पोरं-पोरी वाळूत पडलेले, दिवसभर दगड घडवणाऱ्यांच्या छिन्नीची टकटक. अजून कधी कधी दुपारी ती टकटक कानात येते.

आन् वेणू? पहिल्या दिवशी घोट्यापर्यंत पाण्यात. दुसऱ्या दिवशी एका गोऱ्या पोरीचा हात धरून कमरेपर्यंत. लुगडं ओलंचिंब, डोक्यावरचा पदर कुठं गेला पत्ता नाई, आन् हासणं — असं हासणं पंचवीस वर्षांत मी माह्या घरात ऐकलं नव्हतं. मी कोरड्या वाळूवर तिच्या चपला घेऊन बसलो. "या नं वो!" ती लाटेतून ओरडे. मले पाण्याची भीती वाटे. पण भीतीच होती का ती? नाई. मले तिचं हासणं सहन झालं नाई. घरी माहेराले जाचं म्हणलं तरी ती मले विचारे. तिथं तिनं मले काही विचारलंच नाई.

तिसऱ्या दिवशी म्हणे, अजून चार दिवस राहू. कोळीण ठेवते म्हणते.

मी एसटीडी बूथवर गेलो. कोणालेच फोन लावला नाई. पाच मिनिटं नुसता उभा राह्यलो आन् येऊन सांगतलं — लाल्या बैल पडला, उठत नाई.

लाल्या म्हणजे तिचं लेकरूच. त्याची माय मेली तवा तिनं बोटानं दूध चाटवून त्याले जगवलता. मी कुठं मारून राह्यलो, हे मले माहीत होतं. ती ओल्या लुगड्यानंच बसमध्ये चढली. मग सारी वाट रडली. बल्लारशाच्या पुढं कधीतरी तिनं पदराले गाठ मारली आन् गिरडच्या टेकडीवरच्या दर्ग्यातल्या बाबाले नवस बोलली — लाल्या उभा राह्यला त मी समुद्र सोडला. पुन्हा पाहाचा नाई, त्याचं नाव बी काढाचं नाई.

तवाच, डब्यात, सांगतलं असतं त? चार शिव्या देल्या असत्या, आठ दिवस बोलली नसती. बस. मी खिडकीतून बाहेर पाहत राह्यलो.

घरी लाल्या मजेत कडबा खाऊन राह्यलता. मी पुढं होऊन शेजाऱ्याले बाजूले घेतलं. "विचारलं त म्हणजो, दोन दिवस पडून होता." ती गिरडची टेकडी अनवाणी चढली. चादरीचं दुसरं टोक मी धरलं.

त्यानंतर दहा वर्षं. गावच्या बाया रामेश्वरले निघाल्या, पोरगी चल म्हणून मागं लागली — ही म्हणे, "मले नाई जमत." टीव्हीवर समुद्र आला की उठून आत जाये. मी बसून पाहो. लाल्या म्हातारा होऊन मेला, तरी तिनं शब्द पाळला. सोडवणं माह्या एका वाक्याचं काम होतं. त्या सांजेले "ते पाणी" म्हणली, नाव तवाही घेतलं नाई. आन् मी तिले शेंगा सोलाले लावलं.

सकाळी ती उठली नाई. झोपेतच गेलती. अंगणात माणसं जमली, तिरडी बांधून झाली. तिचा भाऊ माह्याजवळ आला. "भाऊजी, बाईची काही इच्छा राह्यली असन त सांगा. अस्थी कुठं न्याच्या, काही बोलली होती का?"

"नाई," मी म्हंतलं. "तिले काही पाह्यजे नव्हतं. नदीतच सोडू."

आन् खांदा द्याले वाकलो.