डोळे शेवटी

"डोळे शेवटी, भाऊ," असं म्हणत मास्तर नखाएवढा कागदाचा कपटा काचेवरच्या चेहऱ्याच्या डोळ्यांवर ठेवून द्यायचे. मग कपाळ, गाल, पदराच्या घड्या, सगळं निवांत. मूर्ती घडवणारेही डोळे शेवटीच करतात, हे तुम्ही पाहिलं असेल. पण मास्तरांची माणसं बहुतेक मेलेली असायची.

सत्तावन-अठ्ठावन सालची गोष्ट. पुसदला माझा फोटो स्टुडिओ होता, अजूनही आहे. ज्याचा आयुष्यात एकही फोटो निघाला नाही, त्याचा शेवटचा फोटो आम्ही खुर्चीत बसवून काढायचो. कोणी दुसरीकडे काढलेला फोटो आणला, तर त्यावरून नवी काच करायचो. त्यावरून पोस्टकार्डं छापायची, मागे पत्त्याच्या रेघा, आणि तेरवीला पोचू न शकलेल्या नातेवाइकांना ती पाठवायची. मिटलेले डोळे मात्र कोणालाच नको असत. ते उघडायचं काम मास्तरांचं. पूर्वी ते शाळेत चित्रकला शिकवायचे, म्हणून मास्तर.

काचेच्या निगेटिव्हवर सगळं उलटं दिसतं. केस पांढरे, दात काळे. मास्तर ती काच खिडकीशी तिरकी लावत, डोळ्यांतलं पांढरं पेन्सिलीने भरत आणि अगदी शेवटी बारीक पात्याने बुबुळं खरवडत. खरवडलं की त्या दोन ठिपक्यांतून खिडकीचा उजेड आत यायचा. भर दुपारीसुद्धा मी त्या वेळी जवळ उभा राहत नसे.

"डोळे कोणाचे घेऊ?" हे त्यांचं दुसरं ठरलेलं वाक्य. समोर रक्ताचं माणूस बसवूनच ते बुबुळांना हात घालत. "सून चालत नाई, जावई चालत नाई. परके डोळे बसले तर फोटो घरच्याइले ओळखत नाई." मी चेष्टा करायचो, की मास्तर, माणसं ओळखायला फोटो काय पोस्टमन आहे? ते हसत नसत.

एकदा जवळच्या तांड्यावरचा एक शेतकरी आईचा फोटो घेऊन आला. आईला पुरुषाचे डोळे कसे बसवायचे, असं त्याला वाटलं. बहीण लांब सासरी, म्हणून त्याने बायकोलाच बहीण म्हणून बसवलं. पंधरा दिवसांत परत आला.

"मास्तर, याडी आमच्याकडं पाहते, पण पाव्हणीवानी पाहते. पोरं त्या खोलीत जाऊन नाई राह्यली."

याडी म्हणजे आई. मास्तरांनी ती सगळी कार्डं परत घेतली, त्यालाच समोर बसवलं आणि नवी काच केली. पुढे तो आला तो तक्रार घेऊन नाही, तुरीच्या शेंगा घेऊन.

मास्तरांच्या खणात एक कार्ड कायम पालथं पडलेलं असायचं. ते त्यांच्या बायकोचं. लग्नाला वर्ष व्हायच्या आत ती तापाने गेली, आणि मास्तर त्या वेळी परगावी होते. ते येईपर्यंत शेजाऱ्यांनी काढून ठेवलेला फोटो तेवढा उरला. "माझी पोरगी एकटी मेली," म्हणून सासऱ्यांनी कायमचे संबंध तोडले. आता तिच्या रक्ताचं माणूस आणायचं कुठून? मास्तरांनी नुसत्या आठवणीवर सहा काचा केल्या होत्या.

"पाहते, भाऊ. पण मले ओळखत नाई," ते म्हणाले. तेव्हा मला चेष्टा सुचली नाही. 

एका दुपारी एक बाई आली. पुसदलाच दिलेली, माहेर मारेगावचं. वडील वारले होते, तेरवीआधी कार्डं हवी होती. तिने आणलेला फोटो मी मास्तरांपुढे ठेवला. त्यांनी नेहमीसारखा कागदाचा कपटा उचलला आणि तो त्यांच्या हातातच राहिला. फोटोतला म्हातारा त्यांचा सासरा होता. बाईने मास्तरांना ओळखलं नाही. थोरल्या बहिणीच्या लग्नात ती चार-पाच वर्षांची असेल.

बिघडवायचे तर ते डोळे बिघडवता आले असते. मास्तरांनी दोन दुपारी खपून, तिच्याकडे बघत, म्हाताऱ्याचे डोळे उघडले. इतकं जपून काम करताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मग पातं पुसून ते म्हणाले, "बाई, आणखी थोडं बसता काय?"

"आता कोणासाठी?"

"तुमच्या ताईसाठी."

ती उठली. दारापर्यंत गेली. माहेरी तिने आजवर काय ऐकलं असेल, ते मला न सांगता कळत होतं. दारातूनच ती म्हणाली, "ताई एकटी मेली म्हणतात. तुमी कुठी गेलते?"

"दारव्ह्याले गेलतो, शाळेच्या कामानं. निरोप भेटला तवा ती गेली होती."

तिने दाराच्या चौकटीवरचा हात काढला. मग परत येऊन बसली आणि म्हणाली, "घ्या, भाऊजी."

मास्तरांनी सातवी काच केली. तिचं कार्ड मी छापलं आणि ओलं असतानाच मास्तरांच्या हातात दिलं. त्यांनी ते खिडकीशी नेलं.  "ओळखलं," एवढंच म्हणाले. हे कार्ड मात्र कधी पालथं पडलं नाही. आपल्या स्टुलासमोर टेकवून ते काम करत. पुढच्या उन्हाळ्यात मास्तर गेले.

फोटोतल्या माणसाने सरळ कॅमेऱ्याच्या भिंगाकडे पाहिलं असेल, तर खोलीत कुठेही उभे राहा, तो तुमच्याकडेच पाहतो. हे मला मास्तरांनीच शिकवलं. मास्तरांच्या बायकोचे डोळे तसेच सरळ आहेत, मी भिंगाखाली धरून तपासले. स्टुडिओला चुना दिला तेव्हा ते कार्ड मी माझ्या टेबलाजवळच्या भिंतीवर लावलं. दिवसभर मी तिच्यासमोर वावरतो, पण ती माझ्याकडे पाहत नाही. ती खिडकीकडे पाहते, तिथल्या मास्तरांच्या स्टुलाकडे.

मनाचे खेळ, म्हणून एकदा मी ते स्टूल उचलून दारापाशी नेऊन ठेवलं. गिऱ्हाइकाशी बोललो, ते गेलं, आणि मी मागे वळून पाहिलं. ती दाराकडे पाहत होती.

स्टूल मी पुन्हा खिडकीशी ठेवलं. त्यावर कोणाला बसू देत नाही.