मांजरासाठी लावलेली कडी

आमच्या गल्लीत दिवसा कुणी दार लावत नाही. दार लावलेलं दिसलं की घरात भांडण झालंय, नाहीतर कुणाला कसलीतरी लागण झालीय, असं लोक धरून चालतात. दाराला पडदा असतो, आणि त्याच्या खालून कोंबड्या, मांजरं, रांगणारी पोरं या घरातून त्या घरात जातात. म्हणून यंदाच्या चैत्रात मी भर दिवसा आतून कडी लावली, ती सगळ्या गल्लीनं बघितली. कुणी काही विचारलं नाही. विचारलं असतं तरी मला नीट सांगता आलं असतं का, कोण जाणे. माणसांसमोर माझ्या तोंडून शब्द उशिरा निघतात. लहानपणापासूनच तसं आहे.

कडी मांजरासाठी होती.

धाकटी लेक शाळेत असताना ओढणीत गुंडाळून घेऊन आली होती तिला. लेक लग्न होऊन बार्शीला गेली, तिची मुलं शाळेत जायला लागली, मांजर इथंच राहिलं आणि म्हातारं झालं. मी घरी टॉवेलच्या कडा शिवते. कारखान्यातून गठ्ठे येतात, शिवून झाले की परत जातात. मशीन चालू झालं की ती गठ्ठ्यावर चढून झोपायची. दुपारी ऊन चढलं, आमचा पत्रा तापला, की उठून शेजारी अक्कांकडे जायची आणि दिवे लागायच्या वेळी परत यायची. घरातले सगळे तिला म्हातारीच म्हणायचे. अक्का पिल्ली म्हणायच्या. त्यांच्या तेलुगूत मांजराला तसंच म्हणतात.

आजारपण कधी सुरू झालं ते मला सांगता येणार नाही. आधी दुधातली भाकरी ती अर्धी ठेवायला लागली. मग नुसती हुंगून तोंड फिरवायला लागली. मग सुकटीचा वास आला तरी उठेना. पाण्याच्या वाटीसमोर मात्र जाऊन बसायची. तोंड अगदी पाण्यापर्यंत न्यायची आणि तशीच थांबायची, तहान आहे पण पाणी कसं प्यायचं ते विसरल्यासारखी. पाठीवरून हात फिरवला की मणके एकेक हाताला लागायचे. स्वतःला चाटायचं तिनं सोडून दिलं होतं. केसांच्या गुठळ्या झाल्या होत्या.

आमच्या मालकांनी, लेकीच्या वडलांनी, अर्धी पाळी रजा घेतली. ते कारखान्यात टॉवेलच्या मागावर काम करतात. बाजाराच्या कापडी पिशवीत तिला घातलं, तोंड तेवढं बाहेर ठेवलं, आणि रिक्षानं आम्ही सात रस्त्याजवळच्या कुत्र्या-मांजरांच्या डॉक्टरांकडे गेलो. तिथं पट्टे बांधलेली दोन मोठी कुत्री बसली होती. मी पिशवी भिंतीकडे वळवून धरली. पिशवीतून तिचं काळीज माझ्या तळहाताला लागत होतं.

डॉक्टर चांगले होते, घाई करत नव्हते. त्यांनी डोळे बघितले, हिरड्या बघितल्या, पोट दाबून बघितलं. उलट्या होतात का, उंदराचं औषध कुणी ठेवलं होतं का, आसपास तंबाखू वगैरे असते का, असं सगळं विचारलं. तंबाखूचं नाव निघाल्यावर मालक म्हणाले, शेजारी बिड्या वळतात, ही दिवसभर तिथंच असते. डॉक्टरांनी मान हलवून काहीतरी लिहिलं. मला सांगायचं होतं की ती पिल्लू होती तेव्हापासून तिथं जाते, आजवर काही झालं नाही. शब्द ओठांपर्यंत आले तोवर ते पुढच्या गोष्टीकडे गेले होते.

रक्त तपासलं, पोटाचा फोटो काढला. पुन्हा बोलावलं तेव्हा ते कागद पुढे-मागे करत बराच वेळ बघत राहिले.

“सगळं जवळपास बरोबर आहे,” ते म्हणाले, “पण मांजर बरोबर नाही.”

मूत्रपिंड चांगलं, साखर चांगली, लिव्हर थोडंसं वाढलेलं, पण एवढ्यानं असं व्हायला नको. पुण्याला मोठी मशिनं आहेत, पण एवढा प्रवास ही सोसेल असं वाटत नाही, असंही म्हणाले. गोळ्या दिल्या, बिनसुईच्या पिचकारीनं पातळ अन्न तोंडात घालायला सांगितलं, आणि मानेच्या कातडीखाली सलाईन कसं सोडायचं ते मालकांना दाखवलं. काय झालंय त्याचं नाव काही त्यांनी सांगितलं नाही. रिक्षात मी तेच धरून बसले होते. नाव कळलं असतं तर निदान कशाला घाबरायचं ते तरी कळलं असतं.

मागावर काम करणारी माणसं मोठ्यानं बोलतात. कारखान्यात खडखडाटामुळे शेजारच्याचं ऐकू येत नाही, तीच सवय घरी येते. गल्लीत रिक्षातून उतरताना कुणीतरी विचारलं, काय म्हणाले डॉक्टर. मालक नेहमीच्या आवाजात म्हणाले, “काय कळंना म्हणत्यात. तंबाखूबिंबाखू पोटात गेली का इचारत हुते.”

अक्का त्यांच्या ओट्यावर मांडीवर सूप घेऊन बिड्या वळत बसल्या होत्या. त्यांचा हात थांबला नाही. त्यांनी वरही बघितलं नाही.

आणि दुसऱ्या दिवसापासून मी कडी लावली.

मी लावली ती वेगळ्याच कारणानं. माझं माहेर वळसंगचं. तिथं आई म्हणायची, मांजर आपलं मरण घराला दाखवत नाही, वेळ आली की उठून जातं. आमच्या लहानपणी घरचं एक मांजर असंच गेलं. ज्वारीच्या रानात, कडब्याच्या गंजीमागं, सगळीकडे आम्ही शोधलं, ते दिसलंच नाही. आणि आता आमची म्हातारी पोट जमिनीला घासत दारापर्यंत जायची आणि पडद्याकडे तोंड करून बसायची. मी उचलून आणायची, ती पुन्हा जायची. ती कशाला निघालीय ते मला कळलं असं मला वाटलं. नाव नसलेल्या दुखण्यानं ती कुठल्यातरी नालीत एकटी पडेल, आणि मला ते कधी कळणारही नाही, हे माझ्याच्यानं सहन होईना.

दार लावलं की पत्र्याखाली भट्टी व्हायची. पंखा गरम हवाच खाली ढकलायचा. सलाईनची बाटली मी आढ्याच्या आकड्याला टांगायची. दोन्ही मुलांचे पाळणे त्याच आकड्याला होते. सुई मालकांनी टोचायची होती, पण पहिल्याच वेळी त्यांनी ती माझ्या हातात दिली. मानेची कातडी चिमटीत धरली की ती तंबूसारखी उभी राहायची आणि तशीच राहायची, खाली बसायची नाही. डॉक्टर म्हणाले होते, अंगात पाणी कमी झालं की असं होतं. सुई जाताना ती ओरडायची नाही. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. सलाईन संपलं की उतरून पुन्हा दाराशी.

रोज सकाळी भिंतीपलीकडून अक्का हाक मारायच्या, “काय गं, उठली का पिल्ली?” ती हाक बंद झाली. मला वाटलं, बिड्यांची घाई असेल. मग एकदा मी दळण घेऊन त्यांच्या ओट्यावरून गेले, तर त्यांनी सूप उचललं आणि माझ्याकडे पाठ करून बसल्या. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात दोन्ही गोष्टी एकाला एक जोडल्या गेल्या. डॉक्टरांनी तंबाखू विचारली, आणि लगेच मी दार लावलं. त्यांना काय वाटलं असेल?

त्यांचं सगळं घर त्या तंबाखूवर उभं राहिलंय. नवरा गेल्यावर त्यांनी बिड्या वळूनच मुलगा मोठा केला. मी मशीनवर बसून वाक्य जुळवत राहिले. अक्का, कडी तुमच्यासाठी नाही. अक्का, गैरसमज करून घेऊ नका. मशीन चालू असेपर्यंत वाक्य चांगलं वाटायचं. थांबलं की वाटायचं, त्यांनी तसलं काही मनात आणलंच नसेल तर? मग मीच ते त्यांच्या मनात घातल्यासारखं होईल. मी गेले नाही.

मग पाणी यायचा दिवस आला. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, आलं की सगळी कामं टाकून भरायचं. नळ बाहेर, बॅरल आत मोरीत, मधे पाईप. दार लावायचं कसं? मालक कामावर गेले होते. मी तिला मशीनखाली ठेवलं आणि पुढे टॉवेलचे गठ्ठे रचले. बॅरल अर्धं झालं आणि बाहेर पाईप नळावरून सुटला. पाणी गल्लीभर उडायला लागलं, बायका ओरडायला लागल्या. मी धावत जाऊन पाईप दाबून धरला, दोरी आवळून बांधली. आत आले तर गठ्ठा तिरका झाला होता आणि मशीनखाली कुणी नव्हतं.

खाटेखाली, मोरीत, बॅरलमागं बघितलं. पाणी तसंच वाहू दिलं. गल्लीच्या टोकाला एक बंद पडलेला माग-कारखाना आहे, त्याच्या पत्र्याच्या फटीतून आत वाकून बघितलं. आत अंधार आणि धूळ. नालीच्या कडेनं सगळी गल्ली फिरले. आयुष्यात मी कधी गल्लीत मोठ्यानं हाक मारली नव्हती. मारायला गेले तर घशातून नुसती हवा आली. बायकांना विचारलं, म्हणजे मांजर एवढाच शब्द बोलले, बाकीचं त्यांनी समजून घेतलं. कुणी बघितलं नव्हतं. एवढं दुबळं जनावर लांब गेलं नसणार, म्हणजे जवळच कुठंतरी आडोशाला पडलं असणार, आणि मी त्याच्याजवळून जात असणार, असं सारखं वाटत होतं. डोक्यावर ऊन आलं होतं. चप्पल घालायची राहून गेली होती ते पाय भाजायला लागल्यावर कळलं.

अक्का त्या दिवशी ओट्यावर नव्हत्या. त्यांचा पडदा खाली सोडलेला होता. मी आले की त्या आत जातात, इथवर आलं, असं मला वाटलं. मी त्यांच्या दारावरून गेले, परत आले, पुन्हा गेले. सगळी दारं विचारून झाली होती. तेवढं एकच राहिलं होतं.

शेवटी त्या पडद्यासमोर जाऊन उभी राहिले. हाक काही मारवेना.

“किती वेळ उभी राहणार हायस?” आतून आवाज आला. “तीनदा गेलीस दारावरनं. तोंडाला दोरा बांधलाय काय?”

मी पडदा सारला. बाहेरच्या उन्हामुळे आधी काहीच दिसलं नाही. मग कोपऱ्यातलं गोणपाट दिसलं. बिडीची पानं भिजवली की अक्का ती ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतात, म्हणजे मऊ राहतात आणि कापता येतात. त्या गोणपाटावर म्हातारी पाय पसरून आडवी पडली होती.

 मी खाली बसले आणि तिच्या पोटाकडे बघत राहिले. बराच वेळ ते हललं नाही. मग हललं.

“जिती हाय,” अक्का म्हणाल्या. “पाणी आलं तवाच आली. सरळ, आपल्या जागंवर.”

“तुम्ही सांगितलं नाही, अक्का.”

“मी कशाला सांगू? कडी तू लावलीस का मी? म्हटलं, तंबाखूवाल्याच्या घरात आलीय पिल्ली, मालकिणीला चालतंय का न्हाय ते तिनं येऊन बोलावं.”

इतके दिवस जुळवलेलं एकही वाक्य मला आठवलं नाही. मी म्हणाले, “कडी तंबाखूची नव्हती. ती मरायला निघून जाईल म्हणून लावली.”

अक्कांनी हातातली बिडी खाली ठेवली.

“मरायला?” त्या म्हणाल्या. “अगं खुळे, ती गारव्याला येत हुती. उन्हाळ्यात दुपारची कुटं असती ती? हितंच की.”

खरंच, इतकी वर्षं दर उन्हाळ्यात ती तिथंच असायची. त्या गोणपाटावर. ती दाराशी जाऊन बसायची ती दुपारचीच, पत्रा तापल्यावर. आणि मी तिला उचलून भट्टीत आणून ठेवत होते.

“मघाशी गोणपाट चाटलं तिनं,” अक्का म्हणाल्या. “पाण्यासाठी. लई वेळ चाटत हुती.”

वाटीतलं पाणी तिनं किती दिवसांत आपणहून घेतलं नव्हतं. मी डोळे पुसले आणि वर बघितलं, तेव्हा लक्षात आलं की अक्का खाटेवर बसल्यात. बिड्या वळताना त्या कायम जमिनीवर बसतात, भिंतीला पाठ लावून. खाटेवर त्यांना पाय नीट दुमडता येत नव्हते, एक गुडघा वर आला होता, आणि सूप त्यांनी कसंबसं मांडीवर तोलून धरलं होतं. तंबाखूचा कणही राहू नये अशी जमीन झाडून काढलेली होती. तंबाखूचा डबा वर फळीवर होता, आणि त्यावर ताट झाकलेलं.

म्हातारी आल्यापासून त्या तशाच बसल्या असणार. मी काही सांगायच्या आधीपासून.

मी तिला उचलायला हात पुढे केला होता, तो मागे घेतला. “राहू दे तिला इथंच,” मी म्हणाले. “मी पिचकारी घेऊन येते.”

“आणि नळ बंद कर आधी,” अक्का म्हणाल्या. “सगळी गल्ली धुतलीस.”

आता तिची बाटली कधी आमच्या आकड्याला असते, कधी अक्कांच्या खुंटीला. डॉक्टरांना अजून नाव सापडलेलं नाही. तंबाखू असेल का, तर ते म्हणतात, असेल असं म्हणता येत नाही आणि नसेल असंही नाही. ओलं फडकं तळहातावर धरलं की ती चाटते. कधी सुकटीचं पाणी घेते, कधी ओकते. वजन वाढलेलं नाही. दाराला कडी नाही.

दुपारी ती उठते आणि भिंतीच्या कडेनं थांबत थांबत जाते. दोन दारांमधलं अंतर ते केवढं, पण तेवढ्यात तिला एकदा बसावं लागतं. मी मागे जात नाही. मशीन बंद करून ऐकत राहते. भिंतीपलीकडून अक्का म्हणतात, “आली गं,” आणि मग मी पुढचा टॉवेल घेते.