पहिला अर्धा तास

मंगळवारी दुपारी मी बाबांना हाक मारली आणि ते आले नाहीत. ते ओसरीवर होते. सिनेमा सुरू होता.

हाक मारणं हे माझं काम होतं. वडनेरला आमचं हार्डवेअरचं दुकान. दुपारी बाबा शटर ओढून जेवायला घरी यायचे, आणि टीव्हीवर दक्षिणेकडचा, हिंदीत डब केलेला सूडाचा सिनेमा लागलेला असायचा. त्यांना हे सिनेमे फार आवडत. पण पहिला अर्धा तास त्यांना बघवत नसे, कारण तेवढ्यात नायकाचं घर उद्ध्वस्त होतं. तोवर ते ओसरीवर लसूण सोलत बसत आणि मी मांडीवर पुस्तक ठेवून त्यांच्या वतीने पाहत असे. सगळं उरकलं की म्हणायचं, "बाबा, झालं, या."

ते लसणाचं ताट घेऊन आत येत. "कोनकोन गेलं वं?"

"आई, बहीण आणि कुत्रा."

"कुत्राई? मंग त सोडालेच नाई पायजे."

पुढे मी वाचायचं नाटक करी. दर सिनेमात तेच गोदाम, तेच पुठ्ठ्याचे रिकामे खोके, आणि लाथ बसलेला माणूस नेमका त्यांच्यावरच पडणार. रक्त गुलाबाच्या सरबतासारखं. खलनायकाचा एक टकला साथीदार सगळीकडे असे. "हा त मांगच्या हप्त्यात मेलता!" बाबा ओरडत. त्यांचं लक्ष हत्यारांकडे. "पाह्य, पाना उलटा धरला त्यानं. असा नट ढिला होत नाई, मानूस काय मरते!"

मला त्यात गंमत वाटायची ती बाबांची. त्या सिनेमांचं आकर्षण नंतर कळलं.

त्या मंगळवारी बाबांना सावंगीच्या दवाखान्यात नेलं. बसल्या जागी हृदय थांबलं, डॉक्टर म्हणाले. किती वेळ आधी, ते त्यांना सांगता येईना. मी तो अर्धा तास मनात पुन्हा पुन्हा चालवला. दहा मिनिटं आधी हाक मारली असती तर? मला कोणीतरी दोषी हवं होतं, आणि ओसरीपासून वीस पावलांवर बसले होते मीच. सिनेमात मरणाला नाव असतं, पत्ता असतो. तिथे जाऊन दार तोडता येतं.

तेरवीनंतर एका दुपारी मी टीव्ही लावला. नायकाचं घर जळालं आणि सवयीने तोंडून निघालं, "बाबा, झालं, या."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. या सिनेमांना आई आजवर "फालतूचा गोंधळ" म्हणत आली होती. ती पदराला हात पुसत आली आणि खाली बसली.

"कोनाले मारलं?"

"अख्खं घर."

"कोनं मारलं, मालूम हाये का त्याले?"

"हो."

"मंग बरं हाये त्याचं." मग टीव्हीकडेच पाहत ती म्हणाली, "त्या दिवशी मी बी घरातच होती, बाई. पोळ्या करून राह्यली होती. मी तरी कुठं गेली ओसरीवर पाहाले?"

 पडद्यावर टकला आला. मी आईला सांगितलं, हा याआधी बऱ्याचदा मेलेला आहे.

आता दुपारी आम्ही दोघी सिनेमा पाहतो, पहिल्या अर्ध्या तासासकट. लसूण आई सोलते.