रिपोर्टवाल्या काकूंनी माऊस सोडला

रक्त तपासणीच्या त्या लॅबमध्ये रिपोर्ट टाइप करणाऱ्या बाईंना सगळे ‘रिपोर्टवाल्या काकू’ म्हणत. वीस वर्षं त्यांनी माऊस असा आवळून धरला होता की शेवटी मनगटच संपावर गेलं. हाडांच्या डॉक्टरांनी पट्टा बांधला आणि बजावलं, “महिनाभर माऊसला हात लावायचा नाही.”

“मग काम काय कपाळाने करू?” काकू तणतणत घरी आल्या.

भाची हसली. “मावशी, माऊसचं सगळं काम कीबोर्डवर होतं गं!” तिने एका पुठ्ठ्यावर कुठली बटणं कशाला, ते ठळक अक्षरांत लिहून दिलं.

पहिल्याच दिवशी घोळ झाला. काकूंनी कंट्रोल आणि ए दाबून एका आजोबांचा अख्खा रिपोर्ट निवडला, आणि चुकून ‘ग’ दाबला. रिपोर्ट गायब! स्क्रीनवर एकटा ‘ग’.

आजोबा खिडकीतून डोकावले. “काय निघालं हो?”

“ग,” काकूंच्या तोंडून निघून गेलं.

“गंभीर?” म्हणत आजोबा मटकन खाली बसले. कंट्रोल-झेड दाबल्यावर रिपोर्ट क्षणात परत आला. आजोबांना मात्र दोन ग्लास पाणी पाजावं लागलं.

पण काकू चिवट. तीन आठवड्यांत बोटं अशी सुटली की पुठ्ठ्याकडे बघायची गरज उरली नाही. लॅबच्या मोठ्या मॅडम येताना दिसल्या की ऑल्ट-टॅब, आणि पत्त्यांचा डाव रिपोर्टमागे गडप.

एके सकाळी टाय लावलेला एक विक्रेता आला. “मॅडम, आमचं नवं सॉफ्टवेअर घ्या. सगळं एका क्लिकवर!”

मॅडमनी काकूंकडे पाहिलं. “दहा पेशंटांची माहिती भरा. दोघंही. बघू कोण आधी.”

उपाशीपोटी ताटकळलेल्या पेशंटांना आयतीच करमणूक मिळाली. काकूंची बोटं तडतडू लागली. टॅब, नाव, टॅब, वय, एंटर. तिकडे विक्रेत्याच्या माऊसचा बाण स्क्रीनवरून हरवला.

“वर बघा, वर!” दंडावर कापूस दाबून धरलेले एक गृहस्थ ओरडले.

“अहो, उजवीकडे!”

“तो बाण नाही, माशी आहे!” एक बाई म्हणाल्या. विक्रेत्याने तीनदा क्लिक केलं, तेव्हा कुठे माशी उडाली.

तोवर काकूंचे दहा पेशंट भरून छापूनही झाले होते. टाळ्या वाजवायला सगळ्यांनी हात उचलले, तसे कापसाचे बोळे टपाटप खाली पडले आणि नर्सने सगळ्यांना फैलावर घेतलं.

विक्रेत्याने निमूटपणे बॅग आवरली. दारापर्यंत जाऊन तो परत फिरला आणि हळूच म्हणाला, “काकू, माझीही शुगर तपासायची होती. जरा दमल्यासारखं वाटतंय.”

“बस बाळा,” काकू म्हणाल्या आणि टॅब दाबला. “नाव सांग.”