नेव्हिल आणि परकी फेरेटं

नेव्हिल स्पिंक माझा शेजारी. आमच्या दोघांच्या मागच्या अंगणांत एकच विटांची भिंत आहे, आणि तिच्यावर कोपर टेकून त्याने मला ही हकिकत वर्षानुवर्षं, तुकड्यातुकड्यांनी सांगितली. एका बैठकीत फार बोलणारा माणूस नव्हे तो. इंग्लंडच्या उत्तरेतल्या बार्न्सलीजवळच्या एका गोदामात माल उचलायची गाडी चालवतो.

त्याचा बाप विल्फ इथल्याच कोळशाच्या खाणीत होता. अंगणातल्या खुराड्यात त्याची फेरेटं असायची. मुंगसासारखं लांबुळकं, लवचिक जनावर. सशाच्या बिळात सोडलं की ससा घाबरून दुसऱ्या तोंडाने निघतो आणि जाळ्यात पडतो. संपाच्या वर्षी, खाणीचा पगार बंद असताना, स्पिंकांच्या घरात मांस शिजलं ते त्या फेरेटांच्या जिवावर. नेव्हिल तेव्हा शाळेत होता. त्याची लाडकी होती डचेस, एक पांढरी मादी. ती त्याच्या कोटाच्या बाहीतून शिरायची आणि कॉलरपाशी तोंड बाहेर काढायची.

एका उन्हाळ्यात डचेसचे केस गेले, हिरड्या पांढऱ्या पडल्या आणि ती मेली. विल्फ म्हणाला, मादीची जात नाजूकच. फावडं घेतलं, विषय संपला.

पुढे विल्फही गेला. नेव्हिल तेव्हा दक्षिणेत बांधकामावर होता. अंत्यविधीला आला तर खुराडं रिकामं. आईने फेरेटं देऊन टाकली होती. कुणाला दिली, हे तिलाही धड आठवेना. तो मला म्हणाला होता, की बापासाठी रडायचं ठरवून आलो होतो, आणि रडलो त्या खुराड्यापाशी.

तेव्हापासून त्याला फेरेट हवं होतं. पण आधी भाड्याचं घर, मालकाला जनावर चालेना. मग मुलगी झाली, मग छप्पर गळायला लागलं. दर वर्षी गावच्या जत्रेत फेरेटांचा तंबू लागतो, तिथे हा दोरीपाशी उभा. त्याची बायको लोरेन मला म्हणायची, "बाकीच्यांचे नवरे दारू देणाऱ्या पोरीकडे बघतात, आमचं ध्यान बघ कुठे बघतंय."

त्याच तंबूत त्यांना पॉलिन भेटली. टाकून दिलेली फेरेटं ती एका छोट्या संस्थेतर्फे आपल्या गॅरेजात सांभाळते आणि चांगलं घर बघून देते. मुलगी नोकरीला लागून वेगळी राहायला गेली होती, छप्पर नीट झालं होतं. नेव्हिलने एकदाचं विचारलं, की एखादं मिळेल का. पॉलिनने उलट विचारलं, महिन्याला किती बाजूला काढाल? नेव्हिल हसला. म्हणाला, आमच्या बापाने तर पाव-दुधावर पाळली, दमडी खर्च केली नाही.

"म्हणूनच लवकर मेली असतील," पॉलिन म्हणाली. तिचं बोलणं तिखट नव्हतं, रोजचं होतं. मग तिने सांगितलं, की मादी वसंतात माजावर येते, आणि नर मिळाला नाही तर तो माज उतरतच नाही. अंगातलं रक्त आटत जातं. एक इंजेक्शन दिलं की भागतं. घरच्या सगळ्यांसाठी फिश-अँड-चिप्स आणायला जेवढे पैसे लागतात, साधारण तेवढ्यात.

नेव्हिलने हिरड्यांचं विचारलं. पांढऱ्या पडतात का? पॉलिन हो म्हणाली.

हिशेब लोरेननेच मांडला. दोन तरी पाळायची, एकटं फेरेट झुरतं. मोठा पिंजरा, मांस, दर वर्षीची लस, माज थांबवणारं औषध. आणि म्हातारपणी त्यांना हटकून गाठी होतात, त्यासाठी डॉक्टरचे पैसे आधीच साठवलेले हवेत. त्याशिवाय पॉलिन जनावर देत नाही. सगळं धरून आकडा आला तो जवळजवळ त्यांच्या ब्रिडलिंग्टनच्या आठवड्याएवढा. दर वर्षी समुद्राकाठी भाड्याच्या कॅरॅव्हॅनमध्ये आठ दिवस. लोरेन वृद्धाश्रमात लोकांची अंथरुणं बदलते. तिच्या वर्षातलं सुख म्हणजे तेवढंच.

"मग नाही जायचं ब्रिडलिंग्टनला," ती म्हणाली.

"जायचं," नेव्हिल म्हणाला. ती पुन्हा काही म्हणायच्या आत तो उठून भांडी घासायला लागला.

मार्ग पॉलिनने काढला. तिचं गॅरेज भरलेलं असायचं. कायमचं घर मिळेपर्यंत फेरेटं नेव्हिलने सांभाळायची. डॉक्टरचा खर्च तिच्या संस्थेचा, खाणं याचं. ब्रिडलिंग्टनला जाताना ती परत तिच्याकडे. अट एकच, घर मिळालं की द्यायची.

अशी कितीतरी आली आणि गेली. कुणी चावरं, कुणी उपाशी, कुणी माणसाला बघून थरथरणारं. नेव्हिल त्यांना माणसाळवायचा, आणि माणसाळलं की कुणीतरी घेऊन जायचं. मी म्हटलं, जरा चावरी ठेव ना त्यांना. तो म्हणाला, मनात येतं तसं.

गेल्या वसंतात दोन बहिणी आल्या, त्यातली एक पांढरी. तिसऱ्या आठवड्यात ती त्याच्या बाहीत शिरली. नंतर एका शनिवारी पॉलिन डॉनकॅस्टरच्या एका तरुण जोडप्याला घेऊन आली. मीही भिंतीपाशी होतो. नेव्हिलने त्यांना सगळा खर्च सांगायला घेतला. मांस, लस, औषध, गाठींचं ऑपरेशन, चावलेल्या वायरी, कोचाची फाटलेली कापडं, जाणार नाही तो वास. माझ्या माहितीत तो एका दमात एवढं कधी बोलला नव्हता. त्या मुलाचा चेहरा उतरायला लागला. लोरेनने खालच्या आवाजात म्हटलं, "नेव्ह, पुरे आता."

ती मुलगी मात्र शांतपणे ऐकत होती. म्हणाली, "आम्ही वर्षभर पैसे साठवलेत. गाठींचे वेगळे ठेवलेत. आणखी काही राहिलंय का? सांगा, तेही करू."

नेव्हिल तिच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "हिला बाही लागते. सैल असलेली. जुना कोट असेल तर टाकू नका."

दोघी बहिणींना घातलेली पेटी त्याने स्वतःच त्यांच्या गाडीत ठेवली. गाडी वळणापलीकडे गेल्यावर त्याने पिंजरा बाहेर आणला आणि गरम पाण्याने घासायला घेतला. लोरेन चहा घेऊन आली आणि पायरीवर त्याच्या शेजारी बसली. ती म्हणाली, की एखादं वर्ष समुद्र नसता पाहिला तर मी काही मेले नसते.

"माहीत आहे," तो म्हणाला. "पण मग मला ते जनावर बघताना रोज तुझा समुद्र दिसला असता."

त्याच्या ओल्या हातात तिने कप दिला. पिंजरा दुपारभर उन्हात वाळत होता, आणि संध्याकाळी पॉलिनचा फोन आला, की रॉदरहॅमच्या एका रिकाम्या घरात एक म्हातारा नर सापडलाय, एका डोळ्याने आंधळा. नेव्हिल कोट घालून निघाला.