कातळावरचं बी

जंगलखात्याच्या तपासणी केंद्रात ती जनावरांची विष्ठा धुवायची. केंद्रात विष्ठेला 'नमुना' म्हणत. घरी वहिनीला त्याहून सोपा शब्द येत होता. पोटासाठी माणसाला काहीतरी करावंच लागतं, हे वहिनीला मान्य होतं. फक्त नणंदेचं ताट तेवढं तिने वेगळं काढलं होतं. नवरा गेल्यापासून ती भावाच्या घरी मागच्या खोलीत राहायची. शेजारीपाजारी तिला लेंडीताई म्हणत, आणि तोंडावर म्हणत.

पिशवीतला नमुना बारीक चाळणीत ओतायचा, पाण्याची धार सोडायची, उरलेल्या बिया चिमट्याने निवडायच्या, एवढंच काम. पण जनावराने काय खाल्लं आणि कुठून कुठे गेलं, हे तिला बियांवरून कळायचं. पाखरू बसल्या फांदीखाली बी टाकतं, वटवाघूळ उडता उडता सांडतं, आणि उदमांजर मोठं शिस्तीचं, जाऊन जाऊन ठरलेल्या कातळावरच बसणार. केंद्रातल्या शिकलेल्या पोरी अडल्या की हळूच तिला विचारत आणि वहीत स्वतःचं नाव घालत.

डोंगरमाथ्यावर मोकळं गवताळ पठार होतं. तिथे झाड उगवलेलं खात्याला खपत नसे. झाडं आली की गवत जातं आणि गवतात अंडी घालणारी पाखरंही जातात. तरी तीन वर्षं कुठल्याशा पेरूची रोपं तिथे फोफावत होती. कुठून येतात, पत्ता लागत नव्हता.

एका सकाळी तो पत्ता तिच्या चाळणीत आला. पठारावरच्या कातळावरून आणलेल्या नमुन्यात आठ-दहा बिया, एका बाजूने चपट्या. असलं बी आसपास एकाच बागेत होतं. वडिलांनी परमुलखातून रोपं आणून लावलेले तांबडे पेरू, आणि भावाचं अख्खं घर त्यांच्यावर चालत होतं. चाळणी जरा कलती केली की बिया मोरीत. तिने ती कलती करायला घेतलीही.

तेवढ्यात केंद्राच्या मुख्य बाई एका पाहुण्या साहेबांना घेऊन आल्या.

"ही काय करते?" साहेबांनी विचारलं.

"धुते फक्त," बाई म्हणाल्या. "त्यातलं काही कळत नाही तिला."

माणूस एक वेळ उपाशी राहील, पण चौदा वर्षं राबून एवढं ऐकून घ्यायचं आणि गप्प बसायचं, हे भल्याभल्यांना जमत नाही. तिने चाळणी सरळ केली.

"उदमांजराचं आहे, साहेब. पेरू खाऊन वर गेलंय. आमच्या दादाच्या बागेतला. तुमच्या पठारावरची रोपं तीच."

साहेब बाईंकडे बघून हसले. "कळतं की हिला."

आयुष्यात तिच्या वाट्याला आलेलं कौतुक ते एवढंच.

बाराव्या दिवशी खात्याच्या करवती आल्या. संध्याकाळपर्यंत बागेत नुसते बुंधे उरले. भाऊ नोटीस हातात घेऊन फाटकात उभा होता.

"तू सांगितलंस?"

"हो."

"तुला विचारलं होतं का कुणी?"

विचारलं नव्हतंच कुणी. वहिनीने तिचं अंथरूण आणि ट्रंक बाहेर आणून ठेवली, अगदी नीट, भिंतीला लावून.

बाग गेली तसं नमुन्यांतलं ते बीही गेलं. अहवाल पुरा झाला आणि धुण्याचं कामही संपलं. "तुमच्यामुळेच लवकर आटपलं हो," मुख्य बाई म्हणाल्या, आणि पठारावरची रोपं उपटणाऱ्या मजुरांत तिचं नाव घातलं.

तिसऱ्या दिवशी त्या ओळीत भाऊ येऊन उभा राहिला. बाग गेलेल्या माणसाला दुसरं काम तरी कोण देणार? तो रोपं वरच्या वर मोडत होता. मुकादम ओरडला, "अहो, असं काय करता? पुन्हा फुटेल ते. ताई, दाखवा जरा यांना."

ती त्याच्याशेजारी उकिडवी बसली. बोटांनी माती सैल केली, रोप बुडाशी धरलं आणि अख्खं ओढून काढलं.

"मुळासकट, दादा."

भावाने रोप हातात घेतलं, मुळाची माती झटकली.

"ते तुलाच जमतं," तो म्हणाला आणि उठून ओळीच्या दुसऱ्या टोकाला गेला.

ती पुढच्या रोपाकडे सरकली. ते मोठं होतं; त्याला दोन्ही हात लावावे लागले.