मस्कतला धाडलेली कॅसेट

चाळिशीचा चष्मा लागला त्याच वर्षी आमच्या घरात टू-इन-वन आला. म्हणजे रेडिओ आणि टेपरेकॉर्डर एकाच पेटीत. आमचे हे तेव्हा मस्कतला होते. सुट्टीवर येणाऱ्या एका ओळखीच्या माणसाबरोबर त्यांनी तो धाडला, सोबत कोऱ्या कॅसेटी आणि निरोप की पत्रं लिहीत बसू नका, यात बोला.

हे पूर्वी वाशीजवळच्या पावणे गावातल्या एका कारखान्यात फिटर होते. तिथे आपोआप चालणारी नवी मशिनं आली, आणि पंचेचाळिशीच्या माणसांना आता काय नवीन शिकवायचं, म्हणून जुन्या फिटरांना घरी बसवलं. मस्कतला मात्र जुन्या पद्धतीचीच मशिनं होती, ती हाताळणारी माणसं त्यांना हवी होती. हे दोन वर्षांच्या करारावर गेले. वाशीच्या दोन खोल्यांत मी, सासूबाई आणि दोन मुलं एवढे उरलो. माझी सकाळची शाळा असायची. मी तिथे शिकवायचे आणि दुपारी घरी.

कॅसेट भरण्याचा कार्यक्रम रविवारी. मुलं आधी बोलून मोकळी व्हायची, मार्कांचं थोडक्यात आणि येताना काय काय आणायचं ते सविस्तर. मग सासूबाई. त्या रत्नागिरीकडच्या. डोक्यावर पदर घेऊन पेटीसमोर मांडी घालून बसायच्या आणि विचारायच्या, "जेवलास काय रे?" मग थांबायच्या. लेकाला उत्तर द्यायला लागेल तेवढा वेळ गप्प, आणि मगच पुढचा प्रश्न. मी खुणेने सांगायचे, आई, टेप फुकट फिरतेय, बोलत राहा. एकदा त्यांनी मला फटकारलंच, की त्यालाही बोलायला नको काय, तूच तेवढी बोलायची काय जन्मभर.

माझी पाळी शेवटची. समोर सासू, शेजारी मुलं, नवऱ्याशी बोलणार तरी काय? सिलिंडर मिळाला, फी भरली, तब्येतीला जपा. रेडिओवर बातम्या सांगणारी बाईसुद्धा माझ्यापेक्षा मायेने बोलत असेल, असं माझं मलाच वाटायचं.

इकडे घर भरत चाललं होतं. मिक्सर आला, रंगीत टीव्ही आला, मागोमाग व्हिडिओ. रविवारी सिनेमा लावला की चपलांचा ढीग जिन्यापर्यंत जायचा. सगळे टीव्हीकडे तोंड करून बसायचे. मी चहा द्यायचे, तर कप घेतानाही कोणी मान वळवायचं नाही. याच बायका पूर्वी संध्याकाळी गॅलरीत उभ्या राहून तासतासभर बोलायच्या. शेजारणीकडे भांड्याला भांडं लागलं तरी मला कळायचं. आता तिची सून माहेरी निघून गेली ते मला चार दिवसांनी समजलं. यंत्रांवर माझा राग नव्हता. मिक्सरला तर मी रोज मनातल्या मनात दुवा द्यायचे. पण दिवसभराचं मनातलं कोणाला सांगायचं, हे काही मिक्सरने सुटत नव्हतं.

करार संपायला थोडे दिवस उरले तेव्हा यांची कॅसेट आली. कंपनी आणखी दोन वर्षांसाठी सही मागतेय, पगारही वाढवतेय, करून टाकावी म्हणतो, असं ते म्हणाले. शेवटी, तुला काय वाटतं, हेही विचारलं. पण ते ज्या सुरात विचारलं त्यावरून ते निव्वळ उपचार म्हणून विचारल्यासारखं वाटलं. माझं डोकंच फिरलं.

सोमवारी दुपारी मुलं शाळेत होती, सासूबाई झोपल्या होत्या. आदल्या दिवशी भरलेली कॅसेट मी उलटी घातली आणि स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. मनात होतं ते सगळं बोलले. मला आणखी वस्तू नकोत. पेटीतून येणारा आवाज ऐकून कंटाळले. आणखी दोन वर्षांनी याल तेव्हा आपण एकमेकांना पाहुण्यासारखे वाटू. इथे लहानसहान वर्कशॉप आहेत, कमी मिळालं तरी चालेल, पण परत या. मधेच रडले, तेही टेप झालं. आणि झोपेत कूस बदलली की हात मोकळ्या गादीवर पडतो, हेही सांगून टाकलं. असलं मी लग्नानंतर कधी त्यांच्या तोंडावर बोलले नव्हते. हे आपल्या खाटेवर पडून, कानाला इअरफोन लावून ऐकतील, अशी माझी पक्की समजूत. मस्कतला निघालेल्या एका गृहस्थांकडे मी ती कॅसेट नेऊन दिली.

पुढच्या आठवड्यात, शनिवारी, यांच्या खोलीतलाच एकजण सुट्टीवर आला. कोपरखैरण्याच्या जुन्या गावातला इलेक्ट्रिशियन. यांनी दिलेली पिशवी पोचवायला आला होता. आतून सासूबाईंचा आवाज ऐकला आणि गडी खुलला.

"वैनी, आयशीनं जेवलास काय इचारलं की आमी सगलेच सांगतो, जेवलो म्हनून."

मी विचारलं, सगळे म्हणजे कोण. तेव्हा त्याने खोलीतला रिवाज सांगितला. खोलीत सहाजण, टेपरेकॉर्डर एकच. शुक्रवारी सुट्टी असते. जेवणं उरकली की आठवड्यात आलेल्या कॅसेटी सगळ्यांनी मिळून ऐकायच्या, ज्याची आली नसेल त्यालाही घरचं बोलणं कानावर पडावं म्हणून. माझी नवी कॅसेट तो निघायच्या आदल्या दिवशीच पोचली होती. त्याची चुकली, पण बाकीच्यांनी काल ऐकली असणार. दोन्ही बाजू का, असं मी चाचरत विचारलं. तो म्हणाला, हो तर, उलटी घालून शेवटपर्यंत फिरवतो, कोनाचा आवाज र्‍हायला नको.

तो गेल्यावर मी पिशवी न उघडताच कोपऱ्यात सारली. आमचे हे चारचौघांत माझ्याकडे बघायलाही लाजणारे. लग्नात नाव घ्यायचं तर घामाघूम झाले होते. आणि त्या माणसाच्या बायकोचं रडणं आणि गादी, सगळं खोलीतल्या चौघांनी बसून ऐकलं. आता रागाच्या भरात ते सही करून टाकतील, याबद्दल मला शंकाच उरली नाही. पोस्टात जाऊन फोन बुक करावा असंही मनात आलं. पण मागे रांग उभी असताना ओरडून सांगणार काय, जे ऐकलं ते ऐकू नका? पुढच्या दोन रविवारी मी माझी पाळी आली की घसा बसल्याचं सोंग केलं. सासूबाई मला सुंठीचा काढा पाजत राहिल्या आणि मी मुकाट्याने पीत राहिले.

मग त्यांची कॅसेट आली. वर बारीक अक्षरात लिहिलं होतं, दुपारी एकटीने ऐक. मी दार लावलं. बटण दाबलं.

सुरुवातीला त्यांनी घसा खाकरला. सगळ्यांना बाजारात पिटाळलंय, असं म्हणाले. मग म्हणाले, "तू बोलायला लागलीस तसा मी बंद करायला उठलो. आमच्यातल्या थोरल्याने हात धरला. म्हणाला, वाजू दे. माझ्या घरून सात वर्षं 'इकडे सगळं ठीक' एवढंच येतंय."

टेप संपल्यावर काय झालं, तेही पुढे त्यांनी सांगितलं. त्या दिवशी भांडी घासायची पाळी यांची होती, ती दुसऱ्याच कोणीतरी घासली. आणि सगळ्यात शेवटी, जणू राहूनच गेलं होतं असं, "मी सही केलेली नाही. पुढच्या महिन्यात येतोय."

ते वाक्य मी पुन्हा पुन्हा लावून ऐकलं. इतकं हलकं मला त्याआधी कधी वाटलं होतं, आठवत नाही. गादीचं चौघांना कळलं तर कळलं. त्यांतल्या कोणाच्या घरी मला कुठे हळदीकुंकवाला जायचं होतं.

हे आले. पावण्यातच एका छोट्या वर्कशॉपमध्ये काम मिळालं. पगार आधीच्या मानाने किरकोळ होता. पहिले काही दिवस आम्ही दोघंही फार जपून वागत होतो, हळू बोलत होतो, एकमेकांना आग्रह करून वाढत होतो. मग एका रविवारी मी बांगड्याचं कालवण करत होते. मस्कतला पाळीपाळीने स्वयंपाक करून हे शहाणे झाले होते. त्यांनी झाकण काढलं, चव घेतली आणि कोकमाची सोलं कमी पडलीत म्हणाले. मी म्हटलं, माझ्या चुलीत लक्ष घालू नका. ते लगेच म्हणाले, खायचं मला आहे. मी एक बोलले की ते दोन ऐकवत होते. आवाज चढले. आतून सासूबाई ओरडल्या, की हळू, शेजारी काय म्हणतील.

आणि मला एकदम रडू फुटलं. हे घाबरले. हातातलं झाकण तसंच धरून म्हणाले, "बरं बाई, नको घालू सोलं. राहिलं."

मी पदराने डोळे पुसले आणि म्हटलं, "अहो, थांबलात कशाला? बोला ना पुढे."